चिकूच्या मुलखात चित्रांचा बाजार

मुंबईहून पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे निघाले की विरार सुटल्यावर डोळ्यांना जरा मोकळीक मिळते. खाड्या, मिठागरे, भाताची खाचरे आणि ताडाची झाडे मागे टाकीत गाडी डहाणू रोडला येते. २०१३ सालापासून मुंबईची लोकल इथवर येऊ लागली, त्यामुळे सकाळी जाऊन रात्री घरी परतणेही आता जमते. डहाणू तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो.

रुळाच्या पश्चिमेला, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, घोलवड-बोर्डीपर्यंत चिकूच्या वाड्या पसरल्या आहेत. कालीपत्तीची जुनी, घेरदार झाडे, त्यांच्याखाली गार सावली आणि टोकाला जाळी बांधलेल्या लांब काठीने फळ उतरविणारी माणसे, असे दृश्य इथे नेहमीचे. फळ तयार झाले की नाही हे येथला बागाईतदार नखाने पाहतो. साल जराशी खरवडली आणि आत हिरवे दिसले तर फळ कच्चे. पिवळसर दिसले तर खुशाल उतरवावे. 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसऱ्या मुलखातला चिकू आता या नावाखाली विकता येत नाही. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

मी गेलो होतो कोसबाडला, तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी जिथे आयुष्य वेचले, तीच ही कोसबाडची टेकडी. दोन दिवसांचे काम आटोपल्यावर एक दिवस हाताशी उरला. तेव्हा रुळाच्या पूर्वेकडचा मुलूख पाहावा म्हणून गंजाडच्या बाजूला गेलो. आजचा लेख त्या दिवसाविषयी आहे. चिकूविषयी पुन्हा केव्हातरी लिहीन.

पूर्वेकडे निघाले की वाड्या संपतात आणि माळ, टेकड्या, पावसावर होणारे भात व नागली यांचा प्रदेश लागतो. वस्ती पाड्यापाड्यांनी विखुरलेली. बहुतेक वस्ती वारली समाजाची. सिमेंटची घरे पुष्कळ झाली आहेत, तरी कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपलेली घरे अजून पाहायला मिळतात. वारल्यांची चित्रे जगभर गेली ती याच कुडांवरून. लग्नघरी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. 'काढतात' न म्हणता 'लिहितात' म्हणायचे, हा त्यांचाच शब्द. चौकाच्या मध्ये पालघट देवी असते आणि धवलेरी बाई गाणी म्हणून लग्न लावते. चौकावाचून लग्न नाही. तेव्हा हे चित्र विकण्यासाठी नव्हतेच. काम झाले की ते भिंतीवरच हळूहळू पुसट होऊन जाई.

ते भिंतीवरून कागदावर आले १९७०नंतरच्या काही वर्षांत. सरकारी हस्तकला विभागाच्या कामावर असलेले चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात फिरत असताना त्यांची गाठ गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्याशी पडली. सवाशिणींचे हे काम एक पुरुष आपल्या आवडीने रोज करीत होता. कुलकर्ण्यांनी त्यांना कागद दिला. पुढे १९७६ साली म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली ते निवर्तले. त्यांच्यामागे पाड्यापाड्यांतून अनेकांनी हे काम उचलले. भात कापून झाले की पुढच्या पावसापर्यंत हाताला काम नसे. ज्यांना वीटभट्टीवर किंवा शहरात मजुरीला जावे लागे, त्यांच्यातल्या काही घरांना चित्रांनी आधार दिला. २०१४ साली वारली चित्रकलेलाही भौगोलिक मानांकन मिळाले. एकाच तालुक्यात फळालाही मानांकन आणि चित्रालाही, असा योग थोड्याच ठिकाणी आढळेल.

आता या मुलखात तिसरी एक गोष्ट येऊन पोचली आहे, आणि ती केवळ याच मुलखात नाही, तुमच्या-माझ्या गावातही आहे. ती म्हणजे यंत्राने काढलेले चित्र आणि ते विकणारी मोबाईलवरची छोटी फिल्म.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कृत्रिम बुद्धिमत्ता, जिला सगळे नुसते एआय म्हणतात, तिला असंख्य चित्रे दाखवून तयार केलेले असते. मग आपण शब्दांत सांगायचे, की अमुक रंगाची भिंत, तमुक नाच, वर चंद्र. आणि काही सेकंदांत पडद्यावर चित्र हजर होते. २०२२ सालापासून ही सोय सर्वसामान्य माणसाच्या हाती आली. छोट्या फिल्मचे म्हणाल, तर टिकटॉक जून २०२० मध्ये आपल्या देशात बंद झाले आणि त्याच वर्षी इन्स्टाग्रामच्या रील व यूट्यूबचे शॉर्ट्स इथे सुरू झाले. उभ्या पडद्याच्या, अर्ध्या-एक मिनिटाच्या या फिल्मा आज बांधावर बसूनही माणसे पाहतात. चित्र तयार करायला पैसा फारसा लागत नाही आणि दुकानाचे भाडेही द्यावे लागत नाही. मग कोणी त्या चित्राची प्रत मोबाईलवर पाठवून पैसे घेतो, कोणी कागदावर छापून, तर कोणी कपावर आणि सदऱ्यावर छापून विकतो.

गंजाडच्या पुढे एका पाड्यावर ज्या घरी मी गेलो, तिथे हे दोन्ही व्यवसाय एकाच छपराखाली चालू होते. आई चित्रे काढणारी. मुलगा बारावी शिकलेला, मोबाईलमध्ये तरबेज. जमीन एकरभर, तीही पावसावरची. ओटीवर अंथरलेल्या गेरू रंगाच्या कापडावर बाई बसल्या होत्या. बांबूची काडी टोकाला चावून मऊ केलेली, वाटीत पांढरा रंग. पूर्वी पीठ आणि डिंक असे, आता विकायच्या चित्राला बाजारातला टिकाऊ रंग लागतो. शेताचे चित्र होते ते, आवणीचे. एकेक रोप तेवढ्याच जिवाने लावल्यासारखे काढीत होत्या. हे कापड पुरे व्हायला किती दिवस लागतील, असे मी विचारले.

"आठ तरी लागतील, साहेब. मधे पाणी आणायचे, ढोरे बघायची. सारखे बसून कसे होईल?"

मुलाने मोबाईल काढून दाखविला. त्यात त्याने यंत्राकडून करून घेतलेली 'वारली' चित्रे होती. एका रात्रीत वीस. त्यांची त्याने फिल्म केली होती. एकामागून एक चित्र येते, मागे तारप्याचा सूर वाजतो, शेवटी विचारणा करण्यासाठी नंबर. आईच्या चित्रांच्या फिल्मेपेक्षा ही फिल्म जास्त लोकांनी पाहिली होती. आणि शहरातल्या एका हॉटेलवाल्याने वीसच्या वीस चित्रांची मागणी केली होती. फक्त त्याने एक प्रश्न विचारला होता, 'ही सगळी हातानेच काढलेली ना?' दोन दिवस झाले होते, मुलाने उत्तर दिले नव्हते.

"काय लिहू, साहेब?" तो म्हणाला. "पावसाआधी घरावर पत्रे टाकायचे आहेत. एवढे पैसे एकदम कधी आले नाहीत. आणि आम्ही वारलीच आहोत, खोटे काय त्यात?"

त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी मोबाईल बाईंच्या हाती दिला. त्यांनी एक चित्र बराच वेळ पाहिले. तारप्याचा नाच होता. "हे हातात हात धरत नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि तारपेवाला कुठे आहे? कोणाच्या सुरावर नाचतात हे? पडतील सगळे." ते खरेच होते. तारप्याच्या नाचात माणसे एकमेकांना धरून साखळी करतात आणि वाजविणारा मधे असतो. तो सूर बदलील तशी साखळी वळते. यंत्राने नुसते गोल रिंगण काढले होते, साखळी तुटलेली, एकाला तीन हात. गिऱ्हाइकाला हे कळले नसते. बाईंना एका नजरेत कळले, कारण त्या नाचल्या आहेत.

तेव्हा मी त्या मुलाला आपल्या बियाण्याच्या पिशव्यांची गोष्ट सांगितली. ती वाचकांपैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. १९६६च्या बियाणे कायद्याप्रमाणे पायाभूत बियाण्याच्या पिशवीला पांढरी खूणचिठ्ठी असते, प्रमाणित बियाण्याला निळी, आणि सत्यप्रत बियाण्याला हिरवी. सत्यप्रत बियाणे विकायला बंदी नाही. पुष्कळ शेतकरी ते घेतात आणि चांगले पीक काढतात. उत्पादकाने आपल्या जबाबदारीवर खरी माहिती लिहायची, एवढीच अट. गुन्हा होतो तो हिरव्या चिठ्ठीच्या मालाला निळी चिठ्ठी लावल्यावर. यंत्राचे चित्र हे सत्यप्रतीसारखे आहे. विका, पण त्याची चिठ्ठी त्याला लावा.

"तू वारली आहेस हे खरे," मी म्हणालो, "पण गिऱ्हाइकाने तुझी जात विचारलेली नाही. हात विचारला आहे."

चिठ्ठी लावायची तर ती समोरच्याला कळेल अशी लावावी लागते. याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे, आणि तेही शेतकऱ्यांच्या जत्रेतले. कोलोराडो राज्याचे मोठे वार्षिक प्रदर्शन प्वेब्लो गावी भरते. आपल्याकडच्या कृषी प्रदर्शनासारखेच. जनावरे, धान्य, मुरंबे, शिवणकाम, सगळ्यांना बक्षिसे. २०२२ साली तिथल्या संगणकीय चित्रांच्या गटात जेसन ॲलन नावाच्या गृहस्थाला पहिले बक्षीस मिळाले, ३०० डॉलरचे. चित्र मिडजर्नी नावाच्या एआयकडून करून घेतलेले होते. जगभर गहजब झाला. गृहस्थाने लपविले नव्हते. नावापुढे मिडजर्नीचा उल्लेख केला होता. परंतु मिडजर्नी म्हणजे काय, हे परीक्षकांना माहीत नव्हते! कळले असते तरी बक्षीस दिलेच असते, असे त्यांनी मागाहून सांगितले. पुढे २०२३ साली तिथल्या सरकारी कॉपीराइट कार्यालयाने त्या चित्राची नोंद करण्यास नकार दिला, कारण यंत्राने केलेला भाग माणसाची निर्मिती धरता येत नाही. आपण यातून घ्यायचे ते हे, की यंत्राचे नुसते नाव लिहिणे पुरेसे होत नाही. 'हे चित्र एआय यंत्राने केले आहे, हाताने काढलेले नाही,' असे सरळ मराठीत, फिल्मच्या आरंभीच आणि चित्राच्या खालीही लिहावे.

मानांकनाचा मुद्दाही इथेच येतो. यंत्राच्या चित्राला 'वारली चित्र' म्हणून विकणे म्हणजे कुठलाही चिकू घोलवडचा म्हणून विकण्यासारखे आहे. असे करणाऱ्याला कायद्यात शिक्षा आहे. पण त्याहून मोठे नुकसान पाड्याचे आहे. वीस चित्रे एका रात्रीत मिळू लागली की गिऱ्हाईक आठ दिवसांच्या चित्रालाही तीच किंमत सांगणार. कागद आला तेव्हा वारल्यांचे चित्र बदलले, पण हात त्यांचाच राहिला आणि मजुरी त्यांच्याच घरात आली. या वेळी हातच गाळला जात आहे.

मुलाने त्या दुपारी खरे उत्तर पाठविले. महिन्याभराने त्याचा फोन आला, तेव्हा शेवट कळला. हॉटेलवाल्याने यंत्राची वीस चित्रे घेतली नाहीत. त्याऐवजी आईची सहा मागितली, तीन महिन्यांच्या मुदतीने, अर्धी रक्कम आधी. एकूण पैसे कमीच झाले. पत्रे या वर्षी अर्ध्याच घरावर पडतील, असे तो म्हणाला. पण तो यंत्र सोडून बसलेला नाही. गावातल्या लग्नपत्रिका, जत्रेचे फलक, एका बचत गटाच्या लोणच्याच्या बरणीवरचे चित्र, ही कामे तो एआयवर करतो आणि तसे सांगून करतो. तिथे कोणी हात विचारीत नाही, काम वेळेवर हवे असते.

आपल्या घरातली मुले-मुली या धंद्यात उतरू पाहत असतील, तर चार गोष्टी सांगून ठेवतो.

पहिली, फिल्मविषयी. पाहणारा पहिल्या दोन-तीन सेकंदांत ठरवितो की पुढे पाहायचे की नाही. म्हणून आरंभी नमस्कार-चमत्कारात वेळ न दवडता काम दाखवावे. हाताचे चित्र असेल तर हात दाखवावा. काडी चावण्यापासून शेवटच्या रेघेपर्यंत. काढणाऱ्याचे नाव, गाव आणि लागलेले दिवस सांगावेत. हीच त्या मालाची निळी चिठ्ठी. मोबाईल उभा धरावा, उन्हाची तिरीप मागे न ठेवता समोरून उजेड घ्यावा आणि हात हलू नये म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवावे. यंत्राचे चित्र असेल तर ते कशाला उपयोगी पडते ते दाखवावे. पत्रिका छापून हातात घेऊन दाखविली की गिऱ्हाइकाला अंदाज येतो.

दुसरी, आकाराविषयी. चित्र मोबाईलवर सुरेख दिसते म्हणून ते भिंतीएवढे छापता येईलच असे नाही. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे असते आणि चांगल्या छपाईला दर इंचात ३०० ठिपके धरतात. १,०२४ ठिपक्यांचे चौकोनी चित्र या हिशेबाने जेमतेम साडेतीन इंच स्वच्छ छापले जाते. नेहमीच्या ए-फोर कागदाला २,४८० गुणिले ३,५०८ ठिपके लागतात. मोठे चित्र विकण्याआधी एक प्रत छापून पाहावी, नाहीतर माल परत येतो आणि नाव जाते.

तिसरी, पैशाविषयी. मोबाईलवर पैसे घेताना आपला गुप्त पिन कधीही टाकावा लागत नाही आणि कोणी पाठविलेला कोड स्कॅन करावा लागत नाही. 'पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा' असे म्हणणारा गिऱ्हाईक नसून भामटा असतो. विकलेल्या मालाची वहीत नोंद ठेवावी. हाताचा माल वेगळ्या पानावर, यंत्राचा वेगळ्या.

चौथी, शिकवणीविषयी. 'एआयची चित्रे करा, छोट्या फिल्मा टाका, घरबसल्या महिना हजारो कमवा' अशा जाहिराती करून फी उकळणारे पुष्कळ निघाले आहेत. दुप्पट उत्पन्नाची हमी देणारे बियाणे आपण जसे संशयाने पाहतो, तसेच यांच्याकडे पाहावे. फिल्म काढणे आणि चित्र करून घेणे हे घरातले पोर पंधरा दिवसांत फुकट शिकते. फिल्म पुष्कळांनी पाहिली म्हणजे पुष्कळांनी विकत घेतली असे होत नाही. तेव्हा या भरवशावर शेतीतले पैसे काढून घालू नयेत, जनावर विकू नये.

ज्यांना हा मुलूख पाहायचा असेल त्यांनी चैत्री पौर्णिमेच्या सुमारास जावे. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची मोठी यात्रा तेव्हा भरते. मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर चारोटीजवळच हे देऊळ आहे, त्यामुळे जाण्या-येण्याची अडचण नाही. जाताना चिकू घ्या, जमल्यास एखाद्या पाड्यावरून चित्रही घ्या. चिकू घेताना नखाने पाहता येते. चित्राला, आणि त्यातही मोबाईलवरच्या चित्राला, नख लावून पाहण्याची सोय नाही. तिथे विकणाऱ्याचा शब्द हाच काय तो आधार असतो. म्हणून घेणाऱ्याने काढणाऱ्याचे नाव विचारावे, आणि विकणाऱ्याने, तो वारली असो की आपल्या गावातला मोबाईलवाला मुलगा, ते विचारण्यापूर्वीच सांगावे.